मैलभराचा डोंगर

लीड्स,
४ मार्च १८४८

ती. अँथनीदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं नाताळातलं पत्र अजून उत्तराविना पडलंय, म्हणून फुगून बसला असशील. बस. पण आधी कारण ऐक. टॅबीला गेल्या पंधरवड्यात दोनदा रक्त पडलं. पहिल्यांदा तिने माझ्यापासून लपवलं, रुमाल गिरणीतच धुऊन आणला. दुसऱ्यांदा धाकट्या रूथने पाहिलं आणि पोर रडतच मला सांगायला आली. जोसेफचीही सुरुवात अशीच झाली होती, आणि नंतर विल्यमचीही. नवरा नेला, मुलगा नेला, तो खोकला आता मला जिन्याच्या खालूनही ओळखू येतो, दादा. शेजारणी म्हणतात सर्दी असेल. म्हणू देत.

इथे लोमॅक्स नावाचे नवे डॉक्टर आलेत. पूर्वी दक्षिण अमेरिकेत चांदीच्या खाणींवर होते. त्यांनी टॅबीची छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की बाई, माझ्या बाटल्यांनी काही व्हायचं नाही. पण तिकडच्या उंच डोंगरांवर मी कोणाला क्षय झालेला पाहिला नाही, उलट खालून खोकत आलेली माणसं वर धडधाकट झालेली पाहिलीत. किती उंच म्हणून विचारलं, तर म्हणाले निदान चार हजार फूट, पाऊण मैल धरा. त्याच्यावर हवा कोरडी, हा रोग टिकाव धरत नाही. तिला स्वित्झर्लंडला पाठवा, असंही म्हणाले. मला हसू आलं. ते बिचारे ओशाळले आणि टोपी शोधू लागले.

घरी येताना मला तू आठवलास. तुझ्या त्या इंगलबरोने लहानपणापासून आमचे कान किटलेत. मैलभर उंच, अख्ख्या इंग्लंडात त्याच्या तोडीचा नाही! माझ्या लग्नात जोसेफच्या काकांना कोपऱ्यात गाठून तू डोंगर सांगत बसलास आणि तो म्हातारा केकची ताटली धरून उभाच राहिला. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मी त्याच्या पायथ्याशीच जन्मले, त्यामुळे मला तो कधीच साजरा वाटला नाही. तिथून सुटले तेव्हा हुश्श केलं. पण आता थट्टा पुरे. दादा, खरं सांग, तो मैलभर आहे ना? पाऊण असला तरी चालेल. तू मास्तर आहेस, चर्चचा कारकून आहेस. तुझ्या शब्दावर मी माझी मुलगी पाठवणार आहे.

उत्तर उलट टपाली हवं. मोठ्यांचा लोभ असतोच, तो या वेळी जरा घाईने पोचव.

तुझी,
अॅग्नेस

*

इंगलटन,
८ मार्च १८४८

चि. अॅग्नेस हीस,
अनेक उ. आशीर्वाद, वि. वि.

पत्र शाळेत वाचलं आणि पोरांना घरी सोडून दिलं. फळ्यापुढे उभं राहून रडणारा मास्तर त्यांनी पाहू नये म्हणून.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. वीस वर्षं मी या डोंगराचं वर्णन लिहितोय आणि गावाने मला वेड्यात काढलंय. पण माझं वेड आज कामाला आलं. शंभर वर्षांपूर्वी इथे जे पाद्रीबाबा होते, त्यांनी परगण्याचा वृत्तान्त लिहिलाय. त्यात स्वच्छ म्हटलंय की इंगलबरो एक मैल उंच आहे. एका प्रवाशाने लिहिलंय की आयर्लंडहून घरी येणाऱ्या खलाशांना किनाऱ्याच्या आधी हाच डोंगर दिसतो. तिसरे एक सद्गृहस्थ उंची मोजायची पाऱ्याची नळी घेऊन चढले, आणि त्यांना चार हजाराला थोडेच कमी फूट भरले. पण वारा फार होता, बोटं बधिर झाली होती आणि न्याहारीला ब्रँडी घेतली होती, असं त्यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. तेव्हा त्यांचं मी फारसं मनावर घेत नाही. आपले बाबा मैल म्हणत, आजोबा मैल म्हणत. अख्खं खोरं मैल म्हणतं. डॉक्टरांना पाऊण पुरे ना? मग वर पाव मैल शिल्लकच राहतो, तो टॅबीच्या सुनेला देऊ.

माथा चांगला सपाट आहे. पूर्वी तिथे घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. जहागीरदारांनी बांधलेला बुरूज लोकांनी पहिल्याच दिवशी पिऊन पाडला, त्याचा एक कोपरा अजून उभा आहे. त्या कोपऱ्याला दोन भिंती घालून वर गवताच्या ढेपांचं छप्पर करतो. मेंढपाळाची विधवा बेट्टी टॅथम टॅबीसोबत राहायला तयार आहे. माणसांपेक्षा तिला वारा बरा वाटतो, आणि चालताना, बोलताना, रागावतानाही तिचं मोजे विणणं चालूच असतं. मी शनिवारी शाळा सुटली की वर जाईन.

पोरीला मे उजाडला की पाठव. स्किप्टनपर्यंत आता आगगाडी आलीय, तिथून मी गाडीवानाबरोबर आणतो. धीर सोडू नकोस. आपल्या घराला देवाने दुसरं काही दिलं नाही, पण डोंगर दिला.

मायेचा साठा भरपूर आहे, हवी तेवढी ने.

अँथनी

*

इंगलबरोचा माथा,
२१ मे १८४८

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्ता वाचून हसू नकोस. पोस्टमन इथवर येत नाही. मेंढपाळ पत्र खाली नेतो आणि मामा टपालात टाकतात, तेव्हा हे तुझ्या हाती पडेपर्यंत मी आणखी दोन पौंड जाड झालेली असेन.

मामांनी मला तट्टावर बसवलं आणि लगाम धरून स्वतः चालत आले. रोमन शिपाई कुठे झोपले, शत्रू आला की जाळ कुठे पेटवत, सगळा इतिहास मी वाटेतच ऐकला. बोलून बोलून त्यांना इतकी धाप लागे की तट्टू आपणहून थांबायचं. आजारी नक्की कोण, हे बेट्टीने मागे वळून विचारलंसुद्धा. ती स्वतः विणत विणत पुढे चालली होती, एक टाका चुकला नाही.

घर छान आहे. म्हणजे, घर म्हणावं इतकं आहे. चूल कोपऱ्यात आहे, जळणाला दलदलीतल्या मातीच्या वाळवलेल्या विटा. त्यांचा धूर होतो, पण गिरणीच्या धुरापुढे तो काहीच नाही. ओटाची भाकरी, मटणाचा रस्सा आणि चीज, पुन्हा ओटाची भाकरी. सकाळी ढग थेट दारात येऊन बसतो आणि बेट्टी त्याला झाडू दाखवते. एक दिवस सगळं मोकळं झालं तेव्हा समुद्र दिसला. लीड्स काही दिसलं नाही. त्या दिशेला नुसतं काळपट होतं, म्हणजे तुम्ही तिथेच असणार.

रात्रीचा खोकला कमी आहे. मागच्या आठवड्यात लाल एकदाच दिसलं, तेही इतकंसं. डॉक्टरांना सांग की हवा लागू पडतेय. मामा रोज विचारतात की काही हलकं वाटतं का, आणि मी हो म्हटलं की डोंगर त्यांनीच बांधल्यासारखे खूश होतात.

रूथला सांग, माझी निळी शाल वापरायची नाही म्हणून बजावलं होतं ते रद्द. वापर म्हणावं, पण तिच्यावर चहा सांडलास तर खाली येऊन कान उपटीन.

तुझ्या कुशीतली जागा राखून ठेव, रूथ पसरून झोपते.

तुझी,
टॅबी

*

इंगलटन,
१९ जून १८४८

चि. अॅग्नेस हीस,
अनेक उ. आशीर्वाद, वि. वि.

आनंदाची बातमी. सरकार सगळ्या देशाचा नकाशा करतंय हे तू ऐकलं असशील. मोजणीचे शिपाई आपल्या इंगलबरोवर येऊन पोचले! टॅबीच्या घराशेजारीच त्यांनी तंबू ठोकलाय. तीन पायांवर पितळी यंत्र आहे, त्यात दुर्बीण. केसभराचा फरक पडला तरी कळतो म्हणे. त्यांचा मुख्य कॉर्पोरल ट्रेलोर नावाचा कॉर्नवॉलकडचा माणूस आहे. मी त्याला पाद्रीबाबांपासून ब्रँडीवाल्या गृहस्थांपर्यंत सगळा इतिहास ऐकवला. तो चीज खात ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला की मास्तर, तुमचं बोलणं ऐकून डोंगर चढल्यासारखं वाटलं. मी ते कौतुक समजलो. बेट्टी म्हणते की ते कौतुक नव्हतं.

असो. आता यंत्रच बोलेल. सरकारी आकडा आला की माझं वर्णन छापायला कोणी नाही म्हणणार नाही, आणि तुझ्या डॉक्टरांनाही कागदावर दाखवता येईल.

टॅबीचं बरं म्हणायचं. गालांवर रंग आहे. पावसाने मात्र उच्छाद मांडलाय. जूनमध्ये कोरडे दिवस बोटांवर मोजण्याइतके. डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली होती, ती यंदा कुठे अडकून पडलीय कोण जाणे. उघडीप मिळाली की ती यंत्राजवळ जाऊन बसते. ट्रेलोर तिला दुर्बिणीतून पाहू देतो आणि गणितही समजावतो. मला नाही समजावत.

आमची माया नेहमीसारखी, फक्त आज जरा छाती फुगवून.

अँथनी

*

इंगलटन,
१७ जुलै १८४८

चि. अॅग्नेस हीस,
आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. सरळ सांगतो. मोजणी झाली. इंगलबरो तेवीसशे साठ फूट आणि वर थोडा भरला. मैल तर नाहीच, अर्धा मैलही नाही.

मी भांडलो. ट्रेलोरला म्हटलं, पुन्हा मोज. त्याने कुरकुर न करता पुन्हा मोजला, दुसऱ्या डोंगरावरून इकडे पाहूनही मोजला. आकडा हलला नाही. मग मी पाद्रीबाबांचं पान त्याच्यापुढे धरलं. त्याने ते आदराने वाचलं आणि विचारलं की या बाबांनी मोजला कशाने? मी पान मिटून काखेत घातलं आणि खाली उतरलो.

ईस्टरनंतर गावाची शीव चालायची आपली रीत तुला आठवत असेल. सगळे पुरुष निघतात, शेवटच्या गडग्यापाशी मापाची दोरी सोडतात आणि ती टाकत टाकत माथ्यावरच्या दगडांच्या राशीपर्यंत जातात. वर पोचलं की चर्चच्या कारकुनाने ओरडायचं, डोंगर पुरा एक मैल भरला! मग बिअरचं पिंप फुटतं. इतकी वर्षं मीच ओरडतोय. आधी बाबा ओरडायचे. ती दोरी जमिनीवर पडलेली असते, अॅग्नेस. उतारावरून, दगडांना वळसे घालत. आपण पायवाट मोजली आणि तिला उंची म्हटलं, आणि पाद्रीबाबांनीही तीच आरोळी ऐकून लिहून ठेवलं असणार. दुसऱ्या कुठल्या गावाने अशी चूक केली असेल असं मला वाटत नाही. आम्ही तर तिच्यावर दर वर्षी बिअर प्यायलो. वीस वर्षं डोंगर पोखरून मी हा उंदीर काढला.

माझं हसं झालं, त्याचं काही नाही. पण डॉक्टरांची रेघ आमच्या माथ्याच्या कितीतरी वर, मोकळ्या आभाळात आहे, आणि तुझी मुलगी तिच्याखाली पावसात बसली आहे. तिला इथे ठेवायचं की घरी न्यायचं, ते तू ठरव. तू म्हणशील त्या दिवशी मी तिला स्वतः पोचवीन. टॅबीला मी अजून काही सांगितलेलं नाही.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.

अँथनी

*

लीड्स,
२१ जुलै १८४८

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र मी चुलीत घातलं.

हा कोण कुठला कॉर्नवॉलचा शिपाई, तीन काठ्यांवर पितळेचा डबा ठेवून आमच्या बाबांचा डोंगर निम्मा करणारा? उद्या येऊन म्हणेल, तुझी आई तुझी आई नव्हती, तर तेही यंत्रात पाहिलं म्हणून मान डोलावशील? सगळ्या खोऱ्याने, तीन पिढ्यांनी जे सांगितलं ते खोटं, आणि चीज खाणाऱ्याने सांगितलं ते खरं! चाळीस वर्षं मला त्या मैलाने पिडलंस, आणि आज मला तो हवाय तर काढून घेतोस?

दोरीने मोजला तर मोजला. ती वाट टॅबी चढली की नाही? मैलभर चढली ना? मग हवेला काय कळतं, दोरी आडवी होती की उभी ते! तिच्या गालांवर रंग आला असं तूच लिहिलंस. रात्रीचा खोकला कमी आहे असं ती लिहिते. आकड्याने रंग येतो का? उंचीनेच येतो.

डॉक्टर लोमॅक्सना मी काही सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. तूही टॅबीला बोलायचं नाहीस, तुला बाबांची शपथ आहे. ती मैलावर आहे, असंच तिला वाटलं पाहिजे. तिला घरी आणू म्हणतोस ते कुठे? या गल्लीत, जिथे दुपारी दिवा लावावा लागतो? त्या खाटेवर, जिच्यावरून मी दोघांना उचललं? नाही. तुझ्या डोंगराशिवाय माझ्यापाशी काही नाही, दादा. तो तू असा उतरवून ठेवू नकोस.

लोभाचं पुढे बघू.

अॅग्नेस

*

माथ्यावरून,
२८ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी बेट्टी पुढे असताना बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. हे पत्र आईला दाखवू नका.

तुम्ही जुलैपासून माझ्याकडे असे पाहता, जणू माझी बरणी तुमच्याच हातून फुटली. तुम्ही लपवता ती उंचीची चोरी माझ्यापाशी कधीच उघडी पडली होती. ट्रेलोरने मोजलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. बेरीज तर मीच तपासून दिली. त्याला डॉक्टरांचं काही ठाऊक नव्हतं, म्हणून तो हसत म्हणाला की तुझ्या मामांचा डोंगर जरा बसला, पण अख्ख्या इंग्लंडातच सव्वातीन हजार फुटांच्या वर एकही डोंगर नाही. मीही हसले. तो गेल्यावर ती बेरीज पुन्हा एकदा केली.

आई दर पत्रात लिहिते की तू मैलावर आहेस हे विसरू नकोस. मी लिहिते की हो, इथून खालचं सगळं मुंगीएवढं दिसतं. मामा, ती पत्रं लिहिणं खोकण्यापेक्षा जड जातं. रक्त आता रोज पडतं. बेट्टी राखेने झाकून टाकते आणि दोघीही हवापाण्यावर बोलतो. गालांवरचा रंग तापाचा आहे, हे विल्यमच्या वेळी मी पाहिलंय. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

मला घरी जायचंय. इथे वाईट काही नाही, बेट्टी जिवाला जीव देते. पण मला रूथशी भांडायचंय आणि आईच्या शेजारी झोपायचंय. मला तिथे मरायचंय. हे मी आईला लिहू शकत नाही. लिहिलं तर ती मला लगेच घरी नेईल, आणि मग जन्मभर तिला वाटेल की डोंगर सोडला म्हणून पोर गेली. इथेच गेले तर निदान तिला म्हणता येईल की होतं तेवढं सगळं केलं. तिच्यापाशी दुसरं काही उरणार नाही, तेवढं तरी राहू दे.

म्हणून मी राहते. तुम्ही फक्त माझ्याशी खोटं बोलणं सोडा. शनिवारी याल तेव्हा डोंगर आहे तेवढाच धरा, आणि जरा गप्प बसा माझ्याजवळ. तुम्हाला जमेल का, शंका आहे.

माझ्यावर माया आहे ती तशीच असू दे, दया नको.

टॅबी

*

लीड्स,
३० सप्टेंबर १८४८

चि. टॅबीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

बाळ, तुझं पत्र या वेळी फारच लहान आलं. बोटं गारठतात का? रूथने तुझ्यासाठी लोकरीचे हातमोजे केलेत. एकाचा अंगठा जरा तिरका आहे, पण नाव ठेवू नकोस, दोन रविवार खपत होती. तुझी शाल तिने चर्चला पांघरली होती आणि डाग पाडला नाही, हे मी लिहावं अशी तिची अट आहे.

डॉक्टर लोमॅक्स काल रस्त्यात भेटले. म्हणाले की खरा गुण हिवाळ्यात येतो. थंडी पडली की वरची हवा काचेसारखी स्वच्छ होते. तेव्हा बर्फ आलं म्हणून घाबरून खाली यायचं नाही. वसंतापर्यंत मी तुला डोंगरावरून हलू देणार नाही, रडलीस तरी. मामाने काही भलतंसलतं सांगितलं तर ऐकू नकोस. त्याला आजकाल आकड्यांचं वेड लागलंय.

तू आलीस की आधी तुला आठवडाभर झोपू देणार आहे. खाट खिडकीशी हलवलीय. एप्रिलमध्ये मी स्वतः स्किप्टनला येईन, तुला ओळखू येणार नाही इतकी तू बाळसं धरलेली असशील.

भरपूर जेव. आईचे आशीर्वाद पांघरुणात घेऊन झोप.

तुझी,
आई

*

इंगलटन,
२ ऑक्टोबर १८४८

चि. अॅग्नेस हीस,

आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू? टॅबी शनिवारी सकाळी गेली.

गुरुवारी बेट्टीने निरोप पाठवला होता. तिला माझ्या घरी खाली आणायचं मी ठरवलं. मातीच्या विटा ओढायची घसरगाडी काढली, त्यावर गादी बांधली, चार माणसं तयार होती. पण धुकं असं उतरलं की गडग्यापलीकडे हात दिसेना. शुक्रवारी आम्ही दोनदा निघालो आणि दोनदा भलत्याच उतारावर जाऊन परत आलो. त्या डोंगराचा दगड न् दगड मला पाठ आहे, असं मी जन्मभर सांगत आलो. शनिवारी दुपारी धुकं फाटलं आणि आम्ही वर पोचलो, तोवर बेट्टीने तिचे केस विंचरून ठेवले होते. त्रास फार झाला नाही, असं बेट्टी म्हणते. मी तिला पुन्हा विचारलं नाही.

शेवटपर्यंत ती म्हणत होती की इथली हवा मला मानवते. आईला सांगा की मी मैलावर होते, असं म्हणाली.

तिला त्याच घसरगाडीवरून खाली आणलंय. चर्चच्या आवारात बाबांशेजारी जागा आहे. तू आणि रूथ येईपर्यंत मी माती देऊ देत नाही. तुझं तिला लिहिलेलं पत्र आज आलं, हातमोजेही आले. पत्र फोडलं नाही, तिच्याजवळ ठेवलं. हातमोजे तिच्या हातांत घातले. अंगठा बेट्टीने नीट करायला घेतला होता, मी तसाच राहू दे म्हटलं.

लवकर ये.

तुझा,
अँथनी

*

लीड्स,
९ जानेवारी १८४९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तिथून आल्यापासून तुला चार ओळीही लिहिल्या नाहीत. माती दिली त्या दिवशी तू माझ्यापुढे हात जोडून उभा राहिलास आणि मी तुझ्या अंगावरून निघून गेले. ते मनात घर करून बसलंय. बेट्टीने मला दारापर्यंत धरून नेलं, तिला माझा नमस्कार सांग. तिने विणलेले मोजे रूथ वापरते.

रात्र रात्र जागून मी एवढंच ठरवलंय की दोष तुझा नाही. तू जुलैत खरं लिहिलं होतंस, मीच ऐकलं नाही. डॉक्टरांनी चार हजार सांगितले होते आणि आपला डोंगर तेवीसशेच निघाला. औषध खरंच होतं, माप कमी पडलं. निम्म्या मापाने कोणता रोग हटतो? टॅबी पुरेशी उंच गेली असती तर आज इथे असती. हे मला आता लख्ख कळतं, आणि तेच मला खात राहतं.

दादा, रूथ खोकतेय. नाताळाच्या आधीपासून. सर्दी आहे असं ती म्हणते. काल ती गिरणीतून आली आणि तिच्याजवळ रुमाल नव्हता. कुठे गेला विचारलं, तर पडला म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

डॉक्टर लोमॅक्स इथून निघून गेले, पण मला त्यांची आता गरज नाही, मला आकडा ठाऊक आहे. तुझ्याकडे पुस्तकं आहेत. सगळी काढ. इंग्लंडात इंगलबरोहून उंच डोंगर कुठला आहे? खरोखरच उंच, चार हजारांच्या वरचा. कुठेही असो, कसाही असो, मी रूथला घेऊन जाईन आणि या वेळी मीच तिच्यासोबत वर राहीन. तू फक्त नाव कळव. तुझ्यावाचून हे विचारायला मला कोणी नाही.

उत्तराची वाट पाहते. मागचं विसर, आणि होता तेवढाच लोभ ठेव.

अॅग्नेस

*

इंगलटन,
२९ जानेवारी १८४९

चि. अॅग्नेस हीस,
अनेक उ. आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून शाळा बंद ठेवून सगळी पुस्तकं चाळली, सरकारी मोजणीचे जेवढे आकडे बाहेर आलेत तेही मागवून पाहिले. एकेक डोंगर तपासला. म्हणून उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

आहे. कंबरलंडमध्ये स्कॉफेल म्हणून डोंगर आहे. तिथल्या एका जुन्या वर्णनात तो मैलभर उंच दिलाय. सरळ उभा मैल, दोरीचा नव्हे. मी स्वतः वाचलं. पायथ्याशी मेंढपाळांची वस्ती आहे, दगड मुबलक आहेत, घर बांधता येईल. बेट्टी येते म्हणालीय. मीही येतो, शाळेला दुसरा मास्तर मिळेल.

रूथला गरम कपडे घाल आणि बर्फ वितळलं की स्किप्टनला घेऊन ये. मी गाडी घेऊन उभा असेन. उंचीची काळजी करू नकोस, ती भरपूर आहे.

तुझ्यावर जन्माची माया असलेला,
अँथनी